शेणमातीनं लिंपलेले बुडखे

रोहिणखेडच्या पुढं, डोंगराला टेकून असलेल्या गावात धावड्याची झाडं पुन्हा तुटायला लागली, तेव्हा गोजरबाईचा पहिला संशय गेला तो सहदेववर. ती गावाच्या वन समितीची अध्यक्ष, आणि तो समितीनंच नेमलेला राखणदार. सात वर्षं गावानं त्या डोंगरात कुऱ्हाड आणि गुरं दोन्ही बंद ठेवली होती. बायकांनी मोळ्या सोडून गॅस धरला, शेळ्या दारात बांधून चारा घातला, तेव्हा कुठं उघडं माळरान हिरवं झालं होतं. आणि आता महिन्याभरात अकरा झाडं गेली, तीही सहदेव राखत होता त्याच खोऱ्यातली.

तरुणपणी सहदेवनं चोरून लाकडं विकली होती, त्यापायी दंडही भरला होता. गाव असलं काही विसरत नाही. त्यात हल्ली तो बाजाराच्या दिवशीही मोताळ्याला येईना. विचारलं, तर गुडघा दुखतो म्हणे. त्याच गुडघ्यानं डोंगर मात्र चढायचा. वाटेत भेटला की नजर चुकवून निघून जायचा.

पुढच्या बाजारी गोजरबाई सगळ्यांसोबत पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेली, आणि काहीतरी विसरल्याचं सांगून मागं फिरली. नाल्याच्या कडेनं लांबचा वळसा घेत ती वर चढली, तोवर दोन तास गेले होते. खोऱ्यात सहदेव एका ताज्या बुडख्याशी उकिडवा बसला होता. बाजूला कुऱ्हाड होती, घमेल्यात कालवलेलं शेण आणि माती. कापलेल्या जागेवर तो मन लावून लिंपण करत होता. पुरावा बुजवतोय, असंच तिला वाटलं.

"झाकून राह्यले का, सहदेवभाऊ?" ती पुढं होत म्हणाली.

तो दचकला नाही. हात पुसत उठला आणि तिला दहा पावलांवरच्या जुन्या बुडख्यापाशी घेऊन गेला. तिथल्या सुकलेल्या लिंपणाखालून बोटभर कोंब वर आले होते.

"मुळं जित्ते हायेत. वरून पाणी मुरलं का खोड सडते. मी तिरपं तासतो अन् शेणमाती लावतो. चांगला एक कोंब ठिवला का पुन्हा झाड होते."

"मंग तोडते कोण?"

सहदेवनं तिच्याकडं रोखून पाहिलं. जणू ती मुद्दाम विचारते आहे, की तिला खरंच ठाऊक नाही, हे जोखत होता.

"मले वाटलं, तुमाले माहीत हाय. दर बाजारी गाव खाली झालं का उकंडरावची ट्रॉली येते, म्हून मी बाजार सोडला. आजबी येऊन गेली. तुमचा सख्खा दीर. अध्यक्षाच्याच घरचं काम, मी कोणाले सांगू?"

गोजरबाई तशीच उतरून उकंडरावच्या वीटभट्टीवर गेली. ट्रॉलीत तुरीचं भुसकट रचलेलं होतं. तिनं हातानं ते सारलं. खाली धावड्याचे ओंडके होते, समितीनं मारलेल्या चुन्याच्या पट्ट्यासकट.

उकंडराव धावत आला. आधी त्यानं लाकूड विकत घेतल्याचं सांगितलं, मग ती ऐकत नाही म्हटल्यावर आवाज उतरवला. "वहिनी, घरातली गोष्ट घरातच राहू द्या."

"हे लाकूड घरचं नाही, भाऊजी," ती म्हणाली.

चार दिवसांनी ग्रामसभेत तिनं स्वतः दिराचं नाव घेतलं. वनविभागानं ट्रॉली जप्त केली. भट्टीत आता कापसाच्या पऱ्हाट्या आणि भुसकट जळतं. राखणीला दोन वेगवेगळ्या आळ्यांतली माणसं जोडीनं जातात, म्हणजे कुणाला कुणाची गय करता येत नाही. सहदेवची तिनं सभेत सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यानं मान हलवली.

उकंडरावच्या घरचं जाणं-येणं तुटलं. हातपंपावर बायका अजूनही कुजबुजतात की, हिला आधीपासून माहीत होतं, लाकडाच्या पैशातल्या वाट्यावरून बिनसलं म्हणून बोलली. गोजरबाई त्यांच्यातूनच घागर भरून नेते. मंगळवारी तिची पाळी असते; जोडीला वरच्या आळीतली चांगुणा येते. पहिले दोन-तीन मंगळवार दोघी एकमेकींवरच नजर ठेवून चालल्या. हल्ली मधूनमधून बोलतात.