महाराजांच्या कपाळावरची छाया

चाबूक सपकन पाठीवर बसला आणि दयानंद गुडघ्यांवर कोसळला. सदऱ्यावर रक्ताचा पट्टा उमटला. मंडपातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले, पण डोळे कुणाचेच हलले नाहीत.

"सोडतीस का न्हाई? बोल, कुठून आलीस?" छायानाथ महाराज गरजले. कपाळभर पांढरंफेक भस्म, अंगात काळा अंगरखा, हातात चाबूक. "बारा वर्षं हिमालयात एका पायावर उभा होतो मी! तुझ्यासारख्या छप्पन्न छाया या मुठीत चुरगाळल्यात!"

प्रश्न दयानंदच्या अंगात शिरलेल्या छायेला होता. दयानंदच कण्हत म्हणाला, "गेली महाराज, गेली. आता पुरं करा."

खंडोबाच्या देवळापुढं मंडप घातला होता. ओट्यावर मोठा टीव्ही मांडला होता आणि त्यावर परवाच्या यात्रेतला फोटो झळकत होता. पालखीला खांदा दिलेला दयानंद, आणि त्याच्या खांद्यावर काळपट, गोल, कडा विरलेला डाग. महाराजांच्या चेल्यानं मोबाइलनं दयानंदचा नवा फोटो काढून टीव्हीवर टाकला. डाग नाही. खांदा स्वच्छ.

"येळकोट येळकोट, जय मल्हार!" मंडप दणाणला. दयानंदची आई महाराजांच्या पायावर लोळली.

गर्दीच्या मागं, गळ्यात कॅमेरा आणि खांद्याला त्याची बॅग अडकवून उभी असलेली तनुजा मात्र गार पडली. तो फोटो तिनं काढलेला होता.

तनुजाचा रेणापूरला छोटासा स्टुडिओ. शिरूर अनंतपाळकडच्या या तिवरवाडीची यात्रा ती दरवर्षी टिपायची. रविवारचा उपास तिचा कधी चुकला नव्हता आणि पालखीपुढं ती अनवाणीच चालायची. आवाज इतका हळू, की लग्नात नवरा-नवरीला "जरा जवळ या" म्हणायलासुद्धा करवलीला पुढं करावं लागायचं.

परवा तिच्या हातून एक चूक झाली. पालखी देवळाच्या पायरीला लागली आणि लांबून टिपायला मोठी लेन्स हवी म्हणून तिनं तिथंच, गर्दीत, कॅमेऱ्याची लेन्स काढून दुसरी बसवली. नेमका त्याच वेळी चहूबाजूंनी भंडारा उधळला गेला. हळदीचा नुसता धूर. उघड्या कॅमेऱ्यात भंडारा शिरला. संध्याकाळी तिनं फोटो घाईनं गावाच्या ग्रुपवर टाकले. रात्री मोठ्या पडद्यावर बघताना कळलं, की लेन्स बदलल्यानंतरच्या उन्हातल्या प्रत्येक फोटोत तोच डाग आहे आणि फोटोच्या चौकटीत त्याच जागी आहे. कुठं आभाळात, कुठं देवळाच्या भिंतीवर, कुठं कुणाच्या अंगावर. आज ती डाग पुसलेले फोटो घेऊन आली होती. कॅमेरा साफ करायचा रबरी फुगाही आजच लातूरहून घेतला होता, अजून पिशवीतच होता.

आणि इथं त्या डागापायी माणसाची पाठ फुटली होती.

"पण ही छाया आली कुठून?" महाराजांनी आवाज खाली आणला. मंडप पुढं झुकला. "दयानंदवर बसली, आणखी दोघांवर बसली. त्यांना ती लागली. पण एकीजवळ ती राहती! घरात पाळलीय तिनं!"

टीव्हीवर फोटो बदलला. हात जोडून उभी असलेली रत्नम्मा, आणि डाग बरोबर तिच्या डोक्यावर.

देगलूरच्या पलीकडून लग्न होऊन आलेली रत्नम्मा अंगणवाडीत मदतनीस होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, गावातली सगळी पोरं तिचीच. तीन दिवसांपूर्वी गावातल्या श्रीमंतमामांची नात शिवांगी तापानं फणफणली होती. महाराजांनी तिला अंगारा लावून चटईवर निजवलं होतं. रत्नम्मानं पोरीला चटईवरून उचललं, मामांच्या सुनेला बरोबर घेतलं आणि जीप गाठून सरळ लातूरचा सरकारी दवाखाना गाठला. जाताना महाराजांना म्हणाली, "तापाला राख लावतोस काय रे? चुलीत घाल जा." सगळ्यांसमोर म्हणाली होती.

महाराज ते विसरले नव्हते.

"श्रीमंता, तुझी नात अजून का बरी न्हाई? कुणी उचलून नेली तिला? कुणाचा हात लागला?"

श्रीमंतमामा उठले. रात्र-रात्र जागून डोळे तांबारलेले. हातात काठी.

"अगा, मी काय केलं? पोरगी तापली हुती म्हणून..." रत्नम्माचं बोलणं अर्धंच राहिलं. कुणीतरी तिचा अंबाडा धरून मागं ओढलं. ती मंडपाच्या मधोमध पडली. काल तिच्या हातची खिचडी खाणाऱ्या पोरांच्या आयांनी तिला लाथा घातल्या. बांगड्या फुटून मनगटात घुसल्या. कुणी मिरच्या आणल्या, निखाऱ्यावर टाकून तिच्या तोंडापाशी धरल्या. ती खोकत, रक्त थुंकत जमिनीला चिकटली.

"बोलव तुझ्या छायेला माघारी! माझी शिवांगी सोड!" मामांची काठी तिच्या खांद्यावर बसली. हाड वाजलेलं तनुजानं ऐकलं.

"मामा, थांबा! मामा!" तिचा आवाज तिच्याच ओठांत राहिला. ती गर्दीत घुसली. कुणाचं तरी कोपर छातीत बसलं, कॅमेरा खांबावर आपटला आणि लेन्सपुढची संरक्षक काच खळ्ळकन फुटली. आतली लेन्स वाचली. मामांची काठी पुन्हा वर गेली होती, या खेपेला डोक्याच्या नेमानं.

तनुजानं फ्लॅश मामांच्या डोळ्यांसमोर धरला आणि बटण दाबलं. लख्ख पांढरी वीज. पुन्हा दाबलं. मामा आंधळ्यागत मागं सरले, काठी मातीत आपटली. "डोळे! माझे डोळे!"

लोक दिपून थबकले, तेवढ्यात तनुजा ओट्यावर चढली. मल्हारीचं नाव घेऊन तिनं माइक उचलला.

"तो फोटो मी काढलाय. माझ्याच कॅमेऱ्यानं. महाराज, माझी एक विनंती हाय. छाया उतरल्यावरचा फोटो तुम्ही मोबाइलनं काढता. ह्याच कॅमेऱ्यानं का न्हाई?"

"त्या यंत्रात छाया शिरलीय, पोरी. ते बाटलं."

"मंग तुमचा तरी फोटो काढू द्या ना त्यानं. तुमच्यासारख्या सिद्ध पुरुषापुढं छायेचं काय चालणार?"

"हाव, काढू द्या की महाराज!" मागून दयानंदच कण्हत म्हणाला. "माझी पाठ तर फोडली. तुमचं निस्तं तोंड दाखवायचं हाय."

चार लोक हसले. महाराजांना नाही म्हणता येईना. तनुजानं बॅगेतली वायर काढून कॅमेरा टीव्हीला जोडला. महाराज उन्हाच्या तिरिपेत छाती काढून उभे राहिले. तनुजानं अंगठ्यानं कॅमेऱ्यावरचं, लेन्सचं भोक बारीक करायचं चाक फिरवायला सुरुवात केली. महाराजांची नजर त्या अंगठ्यावर खिळली. भस्माखाली घाम फुटला.

"ए! एफ बावीसवर नको घेऊस! उघडी ठेव लेन्स!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण माइक तनुजाच्या हातात होता आणि वाक्य सगळ्या मंडपाला ऐकू गेलं होतं.

"महाराज," ती अगदी हळू म्हणाली, "हिमालयात एका पायावर उभं राहून एफ बावीस कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आरं, हा तर..." मागून शिवम नावाचा जीपवाला ओरडला. "मी मघापासून इचार करून राहिलो, कुठं बघितलं ह्याला! नांदेडला माझ्या मेव्हण्याच्या लग्नात लाइट धरून हुता की हा! फोटोवाल्याचा माणूस!"

खट्. टीव्हीवर महाराजांचा चेहरा आला, आणि पांढऱ्या भस्माच्या ऐन मध्यावर काळा, गोल डाग.

मंडप टीव्हीकडून महाराजांकडं वळला. मग फुटला.

चेला मोबाइल टाकून पळाला. महाराजांना लोकांनी ओट्यावरून खाली ओढलं. त्यांचाच चाबूक त्यांच्या गळ्यात अडकला. दात तुटला, अंगरखा टरकावला गेला. "छाया ह्याच्याच अंगात हाय! जाळा!" मघाचेच निखारे, मघाचेच हात, मघाचेच डोळे. मामांनी काठी पुन्हा उचलली.

तनुजाला रडू कोसळलं. हे लोक शहाणे झाले नव्हते. त्यांनी फक्त माणूस बदलला होता.

तिनं कॅमेरा वळवला. खट्. टीव्हीवर काठी उगारलेले श्रीमंतमामा, आणि त्यांच्या छातीवर तोच काळा डाग.

"आता मामांना मारा," ती माइकमध्ये म्हणाली. कॅमेरा स्वतःकडं फिरवून पुन्हा बटण दाबलं. तिच्या गळ्यावर डाग. "मग मला मारा. लेकरांचे फोटो काढू का? त्यांच्यावर पण येईल. कुणाकुणाला जाळणार?"

मामांची काठी हवेतच थांबली. ते टीव्हीकडं, स्वतःच्या छातीकडं, पुन्हा टीव्हीकडं बघत राहिले.

तनुजानं लेन्स काढली. आतला आरसा वर उचलून कॅमेरा पालथा धरला. खाली आपली पांढरी ओढणी पसरली आणि नव्या रबरी फुग्यानं आत फस्‌फस् हवा मारली. ओढणीवर चिमटीतही येणार नाही इतकी पिवळी पूड पडली.

"बघा. वास घ्या."

पुढच्या म्हातारीनं बोट लावून नाकाशी नेलं. "अगं बया! भंडारा!"

"भंडाराच. परवा मी गर्दीत लेन्स बदलली, तेव्हा आत गेला. फोटो जिथं उमटतो त्या काचेवर कण बसला आणि त्याची सावली प्रत्येक फोटोत पडली. रंग पिवळा असला तरी सावली काळीच पडते की. लेन्सचं भोक बारीक केलं की सावली ठळक दिसते, मोठं उघडलं की विरून जाते. मोबाइल वेगळा, त्यात कण न्हाई, म्हणून डाग न्हाई. ह्यांना हे सगळं ठाऊक हुतं. ग्रुपवरच्या फोटोंतून डाग माणसावर आलेले तेवढे निवडले. देवळाच्या कळसावर डाग आलेला फोटो दाखवला का तुम्हाला? तो पण हाय माझ्याकडं."

लेन्स लावून तिनं पुन्हा महाराजांचा फोटो काढला, त्याच बारीक भोकावर. सुजलेला ओठ, रक्त, पुसटलेलं भस्म. डाग मात्र कुठंच नव्हता.

"पोलिसांना बोलवा," ती म्हणाली. "असल्यांसाठी कायदा हाय. आणि ज्यांनी रत्नम्माला मारलं, त्यांनी पण खरं सांगायचं."

रत्नम्माचा खांदा लोंबत होता. एक डोळा पार मिटला होता. श्रीमंतमामा तिच्यापाशी गुडघ्यांवर बसले. हात पुढं करावा तर धजेना. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. सून होती, लातूरच्या दवाखान्यातून. मामांनी मोबाइल कानाला लावला. मग त्यांच्या तोंडून जनावरासारखा हुंदका फुटला.

रत्नम्मानं उरलेला डोळा उघडला. "काय म्हणली? माझ्या शिवांगीचा ताप उतरला का रे अण्णा?"

"उतरला," मामा म्हणाले. "सकाळपासून पेज मागून राहिलीय."

त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि शिवमच्या जीपमध्ये निजवलं. त्याच दवाखान्यात न्यायला.

रत्नम्माचा खांदा आता पूर्वीसारखा वर जात नाही, कारण तापलेल्या पोरीला तिनं दवाखान्यात नेलं होतं. त्या दिवशी देवाच्या नावानं काठी उगारली गेली, आणि ज्याला छाया म्हटलं तो देवाचाच प्रसाद होता, चुकीच्या जागी पडलेला. आपण रोज दिवा लावतो, उपास धरतो, मनोभावे भंडारा कपाळी लावतो. तेवढ्याच मनोभावे एक प्रश्नही विचारायला शिकूया. कुणी माणसाकडं बोट दाखवून "मारा" म्हणालं, तर आधी "दाखव, कसं ते" म्हणूया. प्रश्न विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो देवाच्या नावावर पोट भरणारा.