उजवीकडे लंडन, डावीकडे पॅरिस

"उजवा पडला तं लंडन, डावा पडला तं पॅरिस," दाजींनी गावदेवीला मोठ्यांदा सांगितलं आणि हात जोडले. चिंधू भगताने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली.

घरात आठवडाभर यावरून जुंपली होती. मुलाला, प्रितेशला, लंडन हवं होतं. सूनबाई निशाला पॅरिस. शेतांवर गोदामं उभी राहिल्यापासून पैशाची ददात नव्हती. ददात होती ती दिवसांची. दाजींच्या बायकोचं, आक्काचं, यकृत आता औषधाला दाद देत नाही, कुठे फिरवून आणायचं तर लवकर आणा, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं. आक्काला कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती. जन्मभर भाताच्या खाचरांत वाकलेली आपली बायको एकदा विमानात बसावी, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात होतं. भांडण मिटेना तेव्हा दाजी म्हणाले, लग्नाला कौल लावतो, बोअरवेलला लावतो, मग याला का नको?

पण कौलात उजवं म्हणजे होकार आणि डावं म्हणजे नकार, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. घाईत दाजींची अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय!

डावं फूल घरंगळलं.

"पॅरिस!" निशाने टाळीच वाजवली. प्रितेश हसत गाडी काढायला गेला, त्याच्यामागे तीही गेली. आक्का फरशीवर मटकन बसली.

"अवो," ती हळूच म्हणाली, "मी मनात दुसराच इचारलेला. मी जगंन का."

दाजी तिच्यापाशी वाकले. "डावा पॅरिसचा व्हता गो! मी बोललो ना आईला!"

"तुमचा पॅरिसचा. माजा न्हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "चला. पोरां खुशीत हायेत, त्यांना काय बोलू नका."

गाडीत बसताच तिथे थंडी किती असते, स्वेटर पुरेल का, असं ती निशाला विचारू लागली. दाजींना ते ऐकवेना. चष्मा राहिला सांगून ते पुन्हा देवळात आले.

चिंधूने त्यांचा चेहरा पाहिला आणि नवी फुलं पाण्यात बुडवली. "परत लावू, दाजी?"

दाजींनी देवीच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं, मग डाव्या. त्यांची छाती होईना.

"नको," ते म्हणाले. "आईला सांग, आमी आज आलोच न्हवतो."