आर्नोने भरलेली हवा

बंदूक म्हटलं की लोक कानांवर हात ठेवतात. मित्रांनो, माझ्यासाठी तेवढे कष्ट घेऊ नका. मी हवेवर चालणारी एक म्हातारी बंदूक आहे. माझ्यात दारू नाही, धूर नाही, आणि आवाज म्हणाल तर शेजारच्या खोलीत कुणी जाड पुस्तक मिटल्याएवढा. रूपही बेताचंच. साधा लाकडी दस्ता, काळी नळी, नळीखाली हवेची लांब टाकी आणि टाकीच्या टोकाला एक छोटी तबकडी. माझ्या पोटात हवा किती आहे, ते त्या तबकडीतला काटा सांगतो.

कारखान्यातलं मला फारसं काही आठवत नाही. आठवतो तो तेलाचा वास आणि पहिल्यांदा आत आलेली हवा. तेव्हापासून मला एक खोड लागली. आत आलेली हवा कुठली, कुणाच्या हातची, आत येण्याआधी ती कुठल्या झाडांतून फिरून आली, याचा मी विचार करत बसते. आयुष्य कोपऱ्यात उभं राहण्यात गेलं की असल्या खोडी लागतातच.

टेक्सासच्या पठारावरच्या एका दुकानात मी कितीतरी दिवस धूळ खात उभी होते. एका बाजूला एक देखणी, महागडी बंदूक होती आणि दुसऱ्या बाजूला एक स्वस्त आणि किडकिडीत. एका सकाळी आर्नो आणि नेल्डा हे नवरा-बायको आत आले. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. त्यांच्याकडे अंगोरा शेळ्या होत्या, लांब कुरळ्या लोकरीच्या आणि अतिशय भित्र्या. ही शेळी व्याली की पहिले काही तास ती करडाचा वास घेत, त्याला चाटत बसते. तेवढ्यात मोठा आवाज झाला की ती पळते, आणि परत आली तरी करडाला ओळख देत नाही.

आदल्या वसंतात नेमकं तेच झालं होतं. आर्नोचा थोरला भाऊ एल्रॉय शेजारच्याच कुरणाचा मालक. त्याने कुंपणापलीकडून एका कायोटीवर गोळी झाडली. कायोटी म्हणजे लांडग्याहून लहान, पण करडांचा पक्का वैरी. कायोटी मेला, पण कळप असा उधळला की नेल्डाच्या स्वयंपाकघरात बाटलीने दूध पिणाऱ्या पोरक्या करडांना पाय ठेवायला जागा उरली नाही.

"ताकद हवी, आवाज नको, आणि आमच्या ऐपतीतली हवी," आर्नो दुकानदाराला म्हणाला.

"आर्नो, असली बायको मिळत नाही रे, बंदूक कुठून आणू?"

"बायको मिळाली की मला. फक्त आवाजाचं तेवढं जमलं नाही."

नेल्डाने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग दुकानामागच्या मोकळ्या जागेत दोन जाड फळ्या एकामागे एक उभ्या केल्या, आणि नेल्डा त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मी शेळी आहे असं समजा," ती म्हणाली. "हं, चालू द्या."

आधी देखणी बंदूक झाली. "पळाले मी," नेल्डा म्हणाली. मग किडकिडीत. "ही वाजलीच नाही." आर्नोने फळी पाहिली. छर्रा पहिल्याच फळीत रुतून बसला होता. "अगं, फळीलाही काही कळलं नाही," तो म्हणाला. शेवटी माझी पाळी आली. माझा छर्रा दोन्ही फळ्यांतून आरपार गेला. नेल्डा वळून म्हणाली, "मान वर केली, पण चरत राहिले." अशी मी त्यांच्या घरी आले. बंदुका डोळ्याने पारखतात असं मी ऐकून होते. मला मात्र कानाने पारखून घेतलं, याचा मला आजही अभिमान आहे.

माझ्यात हवा भरणं हे सोपं काम नव्हे. पायाने दाबून धरायचा उभा पंप, आणि काटा जसा वर चढतो तसा दांडा जड होत जातो. आर्नो घामाघूम व्हायचा. नेल्डा ट्रकच्या फळीवर बसून अक्रोडासारखी पेकानं सोलायची आणि अधूनमधून एखादा दाणा त्याच्या तोंडात घालायची. एल्रॉय कुंपणापाशी थांबून विचारायचा, "काय रे, बंदूक पंक्चर झाली वाटतं?"

"तुझ्या बंदुकीला दारू लागते," आर्नो म्हणायचा, "माझ्या बंदुकीला मी लागतो."

ते खरंच होतं. सीडरच्या झुडपांचा वास, शेळ्यांची ऊब, उकळत्या कॉफीची वाफ, हे सगळं त्या संध्याकाळच्या हवेत असायचं. आर्नो आपल्या दंडांच्या जोराने ते माझ्यात दाबून बसवायचा आणि मी ते पोटात घेऊन झोपी जायचे.

पहाटे आम्ही धुक्यात बसायचो. मी बोलले की कायोटी जागच्या जागी आडवा व्हायचा आणि शेळ्या फक्त मान वर करून बघायच्या. तिकडे मेलेला कायोटी रस्त्याकडच्या कुंपणावर टांगायची रीत आहे. येणाराजाणारा बघतो आणि या घरानेही आपला वाटा उचलला असं म्हणतो. टांगणं आर्नोला आवडायचं नाही. मग एल्रॉयच येऊन टांगायचा आणि गावभर माझं कौतुकही तोच करायचा.

अशी किती वर्षं गेली, कोण जाणे. एका शरदात आर्नोने मला काठोकाठ भरलं, माझी टाकी पुसली आणि ओसरीच्या पायरीवर बसला. "दमलो गं जरा," तो म्हणाला. नेल्डा पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा तो खांबाला टेकून बसलेला होता, पण पाणी घ्यायला उठला नाही.

त्यानंतर नेल्डाने मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलं. रोज सकाळी ती मऊ फडक्याने माझी तबकडी पुसायची आणि काट्याकडे बघत उभी राहायची. माझ्या आत आर्नोच्या हातांनी दाबलेली शेवटची हवा होती. तिला ती तशीच राहायला हवी होती. पण मित्रांनो, नुसतं टांगून ठेवल्याने माझ्या एका रबरी कड्याला कोरड पडली. त्यातून हवा इतकी हळू जात होती की मलाही ते झोपेतच कळायचं. काटा रोज केसाएवढा उतरत होता. नेल्डा काचेवर टिचकी मारायची, जणू तिने हाक मारली की तो वर येईल.

वसंत आला, शेळ्या व्यायला लागल्या आणि एक लंगडा कायोटी कळपाला सोकावला. रोज पहाटे एखादं करडू नाहीसं व्हायचं. एल्रॉय टोपी हातात घेऊन आला.

"मी बसतो पहाटे माझी बंदूक घेऊन."

"आणि कळप उधळला म्हणजे? उरलेली करडंही मी बाटलीनेच वाढवू?"

"मग ती भिंतीवरची काढ की. ती काय शोभेला आहे?"

"तिच्यात आर्नो आहे," नेल्डा म्हणाली.

एल्रॉयने खाली बघत टोपी दोनदा फिरवली. "अगं, हवाच ती. बार काढायचा आणि परत भरायची. मी भरून देतो."

"मग ती तुझी हवा होईल, एल्रॉय. नाहीतर माझी. त्याची नाही."

एल्रॉयने टोपी डोक्यावर घातली. कॉफी न पिताच तो गेला.

दुसऱ्या सकाळी एक शेळी घराच्या दारापर्यंत ओरडत आली. तिची कास दुधाने ताठ झाली होती आणि करडू कुठेच नव्हतं. नेल्डाने तिचं दूध मोकळं केलं, तिच्या गळ्यात हात टाकून बराच वेळ बसून राहिली, आणि मग आत येऊन तिने माझा काटा पाहिला. तो एका बाराला पुरेल एवढाच वर होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर मी नुसतंच फुस्स केलं असतं. "तू तसाही चाललासच आहेस तर," ती काट्याला म्हणाली, आणि तिने मला खाली काढलं.

पहाटे धुकं जमिनीलगत वाहत होतं. शेळ्या त्यात पोटापर्यंत बुडालेल्या होत्या, करडं तर दिसतच नव्हती. मला वाटलं, आपण अजून भिंतीवर झोपेतच आहोत. मग धुक्याचा एक तुकडा लंगडत चालायला लागला. नेल्डाचा गाल माझ्या दस्त्याला टेकला. तो ओला होता. कायोटी स्पष्ट दिसेपर्यंत ती थांबली. "जा आर्नो," ती पुटपुटली आणि तिने चाप ओढला.

कायोटी खाली बसला आणि उठला नाही. शेळ्यांनी मान वर केली आणि पुन्हा करडं चाटायला लागल्या. नेल्डाने नळीला नाक लावलं. वास तेलाचाच होता. सीडरचा नाही, कॉफीचा नाही, आर्नोचा तर नाहीच. ती हमसून हमसून रडली आणि मला तिचे डोळे पुसता आले नाहीत.

घरी आल्यावर तिने तबकडीकडे बघायचं टाळलं. शेवटी बघितलं. काटा उतरला होता, पण शून्यावर नव्हता. मित्रांनो, आमचं असंच असतं. बाराची ताकद संपली तरी तळाशी थोडी हवा राहते. तिच्या दाबानेच आतली कडी आपापल्या जागी घट्ट बसतात आणि म्हणूनच नवी हवा टिकते. ठार रिकाम्या टाकीत भरलेलं टिकेलच असं नाही. मला बोलता आलं असतं तर हे मी नेल्डाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. तुम्हाला तरी सांगते. कुणाच्या हातची वस्तू तुमच्याकडे असेल तर ती टांगून नुसती पुसत बसू नका. तिला तेल द्या आणि तिच्याकडून काम करून घ्या.

एल्रॉय पळतच आला. "तो लंगडा पडलाय तिकडे! मला आवाज कसा आला नाही?"

"म्हणून तर ही घेतली होती."

नेल्डाने गोठ्यातून पंप आणला होता. एल्रॉयने दांड्याला हात घातला. "सरक, मी भरतो. तुला नाही जमायचं."

"हात काढ," ती म्हणाली आणि स्वतःच दांडा दाबायला लागली.

पहिले काही झटके नुसते पंपाच्या नळीतच जातात. तिथला दाब आतल्या दाबाएवढा झाला की झडप उघडते. टक् असा बारीक आवाज झाला. नेल्डा थांबली. काटा शून्यापासून नाही, आर्नोने ठेवला होता तिथूनच हलला होता.

"सरक रे आर्नो," ती म्हणाली, "मला जागा दे." आणि तिने सगळा भार दांड्यावर टाकला.