शनिवारपर्यंतची सीट

नाशिकच्या क्लासमधल्या बाईंचा फोन येऊन दोन दिवस झाले होते आणि तेव्हापासून प्रमिलाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अकाउंटिंगचं तीन महिन्यांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, वर नोकरीची हमी, फी बत्तीस हजार. शनिवारपर्यंत भरली तर सीट, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. गुरुवारी पहाटे साखरशेतच्या घरामागे आई हिरीबरोबर मोगरा खुडताना तिने अर्धी टोपली हिरव्या, कोवळ्या कळ्यांनी भरली.

"ह्या काहाला खुडल्यास गं?" हिरीने टोपलीत हात घालून विचारलं. "अजून दोन दिस होते त्यांचे."

प्रमिला ओशाळली. हिरी तिच्याकडे बघत राहिली. "पैशाचं मनात घेऊ नको. मोगऱ्याचे हायेत बँकेत. भरून टाक."

आई इतकं चटकन हो म्हणाली, याचीच प्रमिलाला धास्ती होती. नको म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. दोन उन्हाळे हंड्याने पाणी वाहून आईने ती झाडं जगवली होती.

ट्रेनिंगचं खूळ उगाच डोक्यात शिरलं नव्हतं. बी.कॉम.ला प्रथम श्रेणी मिळवून ती जव्हारच्या एका खताच्या दुकानात मुलाखतीला गेली होती. मालकाने बिलांचा गठ्ठा पुढे ठेवला, कॉम्प्युटर दाखवला आणि म्हणाला, "एवढ्या एंट्र्या कर." तीन वर्षं तिने वहीत रेघा आखून गणितं सोडवली होती, पडद्यावर पहिलं बटण कुठलं दाबायचं तेच तिला कळेना. मालक रागावला नाही. "शिकून ये," म्हणाला आणि चहा मागवला. ओरडला असता तर बरं, असं तिला तो चहा पिताना वाटलं होतं.

टोपली ओट्यावर ठेवून तिने केस विंचरले आणि जीप गाठली. जव्हारला उतरून दुसऱ्या जीपने मोखाड्याला. कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेली जयवंती याच क्लासमध्ये शिकली होती. आता ती मोखाड्यात सिमेंट-पत्र्याच्या एका दुकानात हिशेब बघायची. जीपमध्ये प्रमिलाने तीनदा फोन काढला, तीनदा बाईंचा नंबर लावता लावता थांबली.

जयवंती डबा खात होती. तिने अर्धी भाकर प्रमिलाच्या हातावर ठेवली.

"शिकवतात कसं, ताई?"

"पहिले दोन महिने चांगलं. तिसऱ्यात तेच तेच."

"आणि नोकरीची हमी?"

जयवंती हसली. "गोदामात पाठवलं मला. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. पंधरा दिवसांत पळून आले. ही नोकरी माझी मी शोधली."

"मग नको भरू?"

"असं नाही म्हणत मी. तिथे शिकले नसते तर इथे बसले नसते." तिने हात धुतले आणि खुर्ची सरकवली. "शेठ वाड्याला गेलेत. बस इथे. तुला काय येत नाही ते तर बघू."

पहिलंच बिल चुकलं.

"पैसे दिले का आपण?"

"नाही. उधारीवर आणलाय माल."

"मग रोखीत कसं टाकलंस?"

प्रमिलाचे कान तापले. हे तर तिला येत होतं! वहीत कधी चुकलं नव्हतं. दुसऱ्या बिलाला तिने आधी कागद नीट वाचला, मग बोटं हलवली. मधे एक गिऱ्हाईक खिळे घेऊन गेलं, एक जण पत्र्याचा भाव विचारून गेला. आठव्या बिलापर्यंत जयवंतीला चूक सापडेनाशी झाली. फोन बघितला तेव्हा बाईंचे तीन मिस्ड कॉल पडलेले.

"मला इथेच शिकव ना, ताई," प्रमिला म्हणाली.

"शेठ रोज नाही बसू देणार. आणि जीएसटीचं रिटर्न भरायचं मलाच अजून विचारून विचारून करावं लागतं. कुठून शिकवू?"

तेही दार बंद झालं. प्रमिला दुकानाबाहेर आली, रस्त्याच्या कडेला दोन फेऱ्या मारल्या आणि नंबर लावला.

"मॅडम, नोकरीची हमी लेखी द्याल का?"

"तसं लेखी नसतं गं. आमच्यावर विश्वास ठेव."

"मग हमी नको मला. महिन्या-महिन्याची फी घ्या. पटलं तर पुढची भरेन."

"पूर्ण पॅकेजच असतं. शनिवारी सीट जाईल हं."

"जाऊ दे," प्रमिला म्हणाली आणि तिने फोन ठेवला. परतीच्या जीपमध्ये, हातचं घालवलं की काय, या विचाराने तिने ओढणीचं टोक पिळून पिळून चुरगाळून टाकलं. शुक्रवार तसाच गेला. शनिवारी संध्याकाळी बाईंचाच फोन आला. क्लासचे सर महिन्याच्या फीला तयार होते.

प्रमिला दोन महिने शिकली. तिसऱ्याची फी तिने भरली नाही. त्र्यंबकच्या एका लॉजमध्ये हिशेबाचं काम मिळालं, तेही दहा ठिकाणी विचारल्यावर. पगार मनात होता त्याहून कमी. रिटर्नची तारीख जवळ आली की ती अजूनही कागद गोळा करते, बाजारपेठेतल्या टॅक्सवाल्या काकांच्या ऑफिसात जाते आणि पहिल्याच वाक्यात सांगते, "काका, हे मला येत नाही."