चांगलं वळण

विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात दरवर्षी एका मुलाला किंवा मुलीला सहा महिन्यांच्या इंटर्नशिपवर घेत. अट एकच, घरातलं आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसावं. काम चांगलं झालं तर पुढे नोकरीही मिळायची. योजनेच्या पहिल्याच वर्षी आत आलेली मुलगी आता विभागात मुरली होती, आणि येणाऱ्या मुलांना कामाला लावणं तिच्याकडेच होतं. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिला ताई म्हणत.

त्या वर्षीच्या मुलाखतीला एक मुलगी आली. संचालकांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "इथेच का यावंसं वाटतं?"

"माझे बाबा बाजारात जुनी भांडी विकतात," मुलगी म्हणाली. "आवाज दिल्याशिवाय तिथे चमचासुद्धा खपत नाही. तुमच्याकडे एवढी हुशार माणसं, एवढाल्या प्रयोगशाळा, आणि तुम्ही मात्र तोंडात गुळणी धरून बसलाय. म्हटलं, चला, आपण आवाज देऊ."

संचालक पोट धरून हसले. तोंडाला खंड नाही म्हणून घरी टकळी म्हणतात, हेही तिनंच जाता जाता सांगून टाकलं. मग विभागातही ती टकळीच झाली.

पहिलंच काम साधं होतं. वसतिगृहाची पाण्याची टाकी धुवायची होती, त्याची सूचना. टकळीनं लिहिलं, 'उद्या टाकीची आंघोळ आहे, त्यामुळे तुमची होणार नाही. आजच उरकून घ्या, नाहीतर परवापर्यंत एकमेकांपासून लांब बसा.' ताई रजेवर होती, सूचना तशीच गेली. मुलांनी ती एकमेकांना पाठवली, भिंतीवर चिकटवली. वसतिगृहाच्या आजवरच्या इतिहासात एखादी सूचना सगळ्यांनी वाचली असेल तर ती हीच.

दुसऱ्या दिवशी कुलसचिवांचा फोन आला. "हे विद्यापीठ आहे की भाजीमंडई?"

रजेवरून आलेल्या ताईनं तो घेतला. कुलसचिवांच्या रागाचं तिला एवढं काही नव्हतं. तिला स्वतःची इंटर्नशिप आठवली. भरल्या बैठकीत ती आपल्या घरी बोलतात तसं काहीतरी बोलून गेली होती, आणि लांबलचक टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी खुसुखुसु हसलं होतं. बस्स, एवढंच. पण त्यानंतर तिनं हसायला कुणाला जागा ठेवली नाही. शब्द तोलून बोलायचं, वाक्य चाळणीतून काढायचं. त्या चाळणीवरच ती इथवर आली होती.

तिनं टकळीला बोलावलं, दार लोटून घेतलं आणि मायेनंच सांगितलं, "हे बघ, इतरांची चूक ही चूक असते. आपली चूक म्हणजे आपलं खानदान असतं. म्हणून लिहिताना बोट दाखवायला जागा ठेवायची नाही."

"पण ताई, सूचना वाचली ना सगळ्यांनी?"

"वाचली. आणि तुझं नाव कुलसचिवांच्या डोक्यात बसलं. आता ते तिथून काढायचंय."

तेव्हापासून रोज काम संपल्यावर ताई तिला शेजारी बसवून घेई. लाल पेन हातात. इथे 'करण्यात येत आहे' हवं, इथे 'संबंधितांनी नोंद घ्यावी'. हा शब्द बाजारू, ही म्हण नको, हा विनोद तर नकोच नको. घरी उशीर होई, नवरा कुरकुरे, पण ताईला त्याचं काही वाटत नसे. आपण पोरीच्या हातात ढाल देतोय, असंच तिला वाटत होतं.

मधे ग्रंथालयातले बांधणीकाका निवृत्त झाले. फाटक्या पुस्तकांना टाके घालण्यात त्यांचा जन्म गेला होता. टकळी त्यांच्याजवळ अख्खी दुपार बसून आली आणि बातमी लिहून आणली. पहिलं वाक्य होतं, 'काकांनी इतक्या वर्षांत एकही पुस्तक पूर्ण वाचलं नाही. पुस्तक हातात आलं की त्यांना आधी त्याचं दुखणं दिसायचं.'

ताईनं ते दोनदा वाचलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग तिनं पेन उघडलं.

"तुम्हाला आवडलं ना?" टकळी तिच्या तोंडाकडेच बघत होती.

"आवडलं."

"मग खोडताय कशाला?"

"ग्रंथालयात राहून माणूस पुस्तकं वाचत नाही, हे आपणच जगाला सांगायचं? उद्या ग्रंथपाल येतील भांडायला."

"काका स्वतः म्हणाले हो! हसत हसत म्हणाले."

"काका काय, घरी गेले आता. तुला इथे राहायचंय ना? नोकरी हवीय ना?"

टकळीनं कागद मागे घेतला. 'ग्रंथालयातील ज्येष्ठ कर्मचारी सेवानिवृत्त' अशी बातमी गेली. त्यानंतर तिनं कधी हुज्जत घातली नाही. पोरगी मुळात हुशार. काय नको ते तिला चटकन कळलं. महिन्याभरात ताईचं लाल पेन कोरडं पडायला लागलं. विभागातला फोटोग्राफर एकदा म्हणाला, "ताई, तुमच्या टकळीचं सूत तुटलं की काय? दिवसभरात शब्द ऐकू येत नाही."

"रुळली आता," ताई कौतुकानं म्हणाली.

सहा महिने भरले. नोकरीचा निर्णय घ्यायला संचालक, कुलसचिव आणि ताई असे तिघं बसले. संचालकांनी टकळीचं काम चाळलं. एक पान, दुसरं पान. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक एक नाही," ते म्हणाले. "पण असं लिहिणारे माझ्याकडे चौघं आहेत. मी वेगळ्याच मुलीला घेतलं होतं हो. ती कुठे गेली?"

कुलसचिव म्हणाले, "मुलाखतीत फड मारणारे पुष्कळ असतात."

ताईच्या टेबलाच्या खणात टकळीचे सगळे पहिले मसुदे होते. उठून आणायला दोन मिनिटं लागली नसती. 'ती कुठे गेली ते मला माहीत आहे, मीच घालवली,' एवढं म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. पण समोर कुलसचिव होते, टेबल तेच लांबलचक होतं, आणि ताईला अजूनही चाळणीतून काढल्याशिवाय बोलता येत नव्हतं.

"मेहनती आहे," ती म्हणाली. "वेळेवर येते."

एवढ्यावर कुणाला नोकरी मिळत नाही. टकळीला ताईनं सांगितलं की यंदा जागाच मंजूर झाली नाही. टकळीनं मान डोलावली, सगळ्यांचे रीतसर आभार मानले आणि गेली. थोड्याच दिवसांत ती एका बँकेत, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायच्या कामाला लागल्याचं कळलं.

ताईला वाटलं, चला, पोरगी मार्गी लागली. पण मन खाई. ती जागा मात्र मंजूर होती, आणि त्या जागेवर पुढे एक मुलगा आला. तो बैठकीत मोकळेपणानं बोले, चुकेही, आणि लोक त्याच्यावर नाही, त्याच्यासोबत हसत. ते बघताना ताईला आपल्या खणाकडे बघवत नसे.

एका सुट्टीच्या दिवशी ती भांड्यांच्या बाजारात गेली. पितळेच्या, जर्मनच्या भांड्यांच्या ढिगामागे टकळीचे बाबा बसले होते. ओळख सांगताच ते धडपडत उठले. "तुम्हीच का ताई! बसा, बसा. पोरीला फार चांगलं वळण लावलंत हो. पूर्वी नुसती बडबड. आता घरात पाणी मागतानासुद्धा 'कृपया' म्हणते." ते हसले, मग जरा थांबून म्हणाले, "घर शांत झालंय अगदी."

टकळी मागच्या बाजूला भांडी पुसत होती. ताई तिच्याशेजारी जाऊन उकिडवी बसली आणि सगळं सांगून टाकलं. जागा होती. संचालकांनी विचारलं होतं. मी बोलले नाही.

टकळी एक झाकण पुसत राहिली. "जागा होती ते मला कळलं होतं," ती म्हणाली. "त्याचं वाईट वाटलं, पण गेलं ते. ताई, तुम्ही माझ्यासाठी रोज थांबायचात, ते मी कसं विसरेन?"

"राग नाही आला?"

"राग नाही. पण एक होतं." तिनं झाकण खाली ठेवलं. "पूर्वीसारखं लिहून बघते मी अधूनमधून, माझं माझं. वाक्य सुचतं. आणि कागदावर यायच्या आधीच कुणीतरी खोडतं. आवाज तुमचा असतो."

 "माफ कर," ताई म्हणाली. टकळी म्हणाली, "अहो, असं काय करता," आणि तिला उठायला हात दिला.

पुढच्या वर्षी नवी मुलगी यायच्या आधी ताई संचालकांकडे गेली. घडलं ते सगळं तिनं सांगितलं, खणातले मसुदेही पुढे ठेवले. संचालक उभ्याउभ्याच वाचत राहिले. बांधणीकाकांच्या वाक्यापाशी थांबले.

"हे तेव्हा का नाही दाखवलंत?"



मग संचालकांनी बँकेतल्या टकळीला फोन लावला, नोकरीसाठी परत बोलावलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. 'आपल्या प्रस्तावाबद्दल मनःपूर्वक आभार. तथापि, सद्यस्थितीत सदर संधी स्वीकारणे शक्य नसल्याने दिलगिरी व्यक्त करते.' संचालकांनी ते ताईकडे सरकवलं. तिनं सवयीनं शेवटपर्यंत तपासलं. एकही चूक नव्हती.