अर्नाळ्याच्या पुढे

शेवंतीने दातांनी दोरा तोडला आणि शिडाचं टोक पुन्हा मांडीवर ओढलं. घोडपदेवच्या त्या खोलीत शीड पसरलं की जमीन उरत नसे. एक कोपरा पलंगाखाली गेला होता, दुसरा मोरीच्या उंबऱ्याला टेकला होता. तिचा मुलगा दीपक बूट हातात धरून दारातच उभा राहिला.

"पाय देऊ नको हां. आत्ताच शिवलंय."

"मग आत येऊ कसा?"

"कडेकडेने ये."

भिंतीला पाठ घासत तो स्टुलापर्यंत पोचला. ऑफिसातून थेट आला होता, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच होती.

"आई, हे सिरियसली चाललंय?"

"शनिवारी निघतोय."

"तू आणि ते."

"मी आणि कमलाकांत. होडीत दोघांपुरतीच जागा आहे."

महापालिकेच्या हॉस्पिटलातून नर्स म्हणून निवृत्त झाल्यावर शेवंतीने शिडाची होडी चालवायच्या वर्गात नाव घातलं होतं. पहिल्या तीन खेपांना ती काठावर वाकून ओकली, आणि चौथ्या खेपेला पुन्हा गेली. तिथे रविवारी शिकवायला येणारा कमलाकांत गिरगावातला, बँकेतून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या होड्यांपलीकडे त्याची एक जुनी शिडाची होडी नांगरलेली असे. गेले दोन हिवाळे दोघांनी मिळून ती खरवडली, रंगवली. आता किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जायचं होतं: अर्नाळा, सातपाटी, डहाणू, आणि वाऱ्याने साथ दिली तर दीव. त्या बाजूला पाण्याखाली खडक फार, आणि भरती-ओहोटीची ओढ अशी की चुकलेल्याला सावरायला वेळ मिळत नाही.

"चाळीत सगळे विचारतात," दीपक म्हणाला. "माझ्या सासूनेपण विचारलं, आकांक्षाच्या आईने. मी काय सांगू त्यांना? निदान लग्न तरी करा. कोर्टात सही करा, विषय संपला."

"सही केली की समुद्र कमी खवळतो?"

"मस्करी नको ना यार, आई. बाबा असते तर..."

"बाबा असते तर मी विचारलं असतं." तिने सुई शिडात खुपसली आणि हात थांबवला. "माहेरी जाताना विचारलं. नाटकाला जाताना विचारलं. नाइट ड्युटी लागली तर पर्स खांद्याला लावून दारात उभी राहून विचारलं, जाऊ का. तुझा बाप वाईट नव्हता रे. बहुतेक वेळा हो म्हणायचा. पण विचारायचं मीच."

दीपकने बूट पुन्हा हातात घेतले. जाताना मात्र तो कडेकडेने न जाता शिडावरून लांब ढांग टाकून गेला.

दोन दिवसांनी, काठावर ओढलेल्या होडीच्या तळाला रंगाचा शेवटचा हात देताना कमलाकांत म्हणाला, "दीपक आला होता घरी. बराच वेळ बसला."

शेवंती ब्रश फिरवत राहिली.

"क्षितिजाही फोनवर होती." ही त्याची मुलगी, पुण्यात राहणारी. "दोघांचं म्हणणं एकच आहे. लग्नाची नोटीस दिली तर महिनाभरात होऊन जातं. मग निघू."

"महिन्याने वारा फिरेल. मग पावसाळा लागेल."

"तर पुढच्या वर्षी जाऊ."

ती उठून उभी राहिली. ब्रशवरचा रंग तिच्या पायावर ठिबकत होता. "तुम्हाला माझ्याशी लग्न करायचंय, की त्यांची तोंडं बंद करायचीत?"

कमलाकांतने नरिमन पॉइंटच्या इमारतींकडे पाहिलं. समोरच्याला नाही म्हणायची वेळ आली की तो असाच कुठेतरी लांब बघत असे.

"मी शनिवारी पहाटे इथे येणार," शेवंती म्हणाली. "तुम्ही आलात तर दोघं जाऊ. नाही आलात तर होडी मला द्या. वर्गातली माया तयार आहे."

शनिवारी ती पोचली तेव्हा तो आधीच होडीवर होता, पाण्याचे कॅन बांधत. लग्नाचा विषय त्याने काढला नाही. तिनेही नाही.

पहाटेच्या, जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्याने मलबार हिल मागे पडलं. वरळीच्या समोर आल्यावर शेवंतीने मान वळवून पाहिलं. लालबाग-परळचे टॉवर उन्हात एकाला एक चिकटून उभे होते, आणि त्यांच्यामागे तिची चाळ कुठे असेल ते कळत नव्हतं. तिला त्याची गंमत वाटली. आयुष्य काढलं तो सगळा मुलूख एका तळहाताआड झाकता येत होता.

दुपारी वारा वायव्येकडून सुटला. भरती उत्तरेला ओढत होती आणि वारा समोरून ढकलत होता, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या झाल्या. वसईच्या पुढे एका धक्क्यासरशी शिडाचा दोर कमलाकांतच्या हातातून सुटला आणि तळवा सोलून निघाला. शेवंतीने सुकाणू धरलं. उजव्या बाजूला किनाऱ्याकडे वळलेलं पाणी खडकांवर फुटून पांढरं होत होतं.

वळण घेताना होडी फिरली होती. क्षणभर तिलाही दिशा लागेना. मग तिने वारा गालावर घेतला आणि जमीन कुठे आहे ते तिला पुन्हा समजलं.

"मागे फिरू या," कमलाकांत ओरडला. "वसईच्या खाडीत शिरू."

"नाही. अजून बाहेर घेते. खडक ओलांडले की मग वळू."

"शेवंती, ऐका..."

"दोर धरा!"

त्याने दुसऱ्या हाताने दोर धरला. होडी कलली, पाणी काठावरून आत आलं, आणि शेवंती सगळा भार टाकून सुकाणूवर रेलून राहिली. खडकांचा आवाज आधी शेजारी होता, मग मागे गेला. तिच्या लक्षात आलं की आपण मोठमोठ्याने शिव्या देतोय, अस्सल मालवणी, सासूसुद्धा द्यायची नाही अशा. कमलाकांत हसत होता. त्याच्या हातातून रक्त गळत होतं आणि तो हसत होता.

अर्नाळ्याच्या बेटाआड नांगर टाकला तेव्हा सूर्य टेकला होता. शेवंतीने त्याचा तळवा धुऊन पट्टी बांधली, गाठ मारली, आणि हात लगेच सोडला नाही. खडक मागे पडले तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं. आज चहा पिताना आपणच म्हणायचं, चला, परत गेल्यावर करून टाकू सही. कोणी सांगितलं म्हणून नाही. मला वाटलं म्हणून. वाक्यसुद्धा तिने जुळवून ठेवलं होतं.

ती खाली स्टोव्हवर चहा करत असताना वर कमलाकांतचा फोन वाजला.

"हो दीपक, पोचलो. आई बरी आहे. एकदम ठणठणीत." मग तो थोडा वेळ ऐकत राहिला. "थांब, मला बोलू दे. निघायच्या आधी मी तुला शब्द दिला होता, परत आलो की सही करतो, आईला मी समजावतो. तो शब्द मी मागे घेतोय."

शेवंतीचा हात गाळणीवर तसाच राहिला. हा शब्द तिला ठाऊकच नव्हता.

"नाही, भांडण नाही झालं. तिला विचारायच्या आधी तुला हो म्हणायचा मला अधिकार नव्हता, एवढंच. ...रागव. क्षितिजालाही मीच सांगतो. ...लोकांना? लोकांना सांग, उद्या सातपाटीला जातायत."

फोन बंद झाला. शेवंती दोन पेले घेऊन वर आली. कमलाकांत लांब कुठेतरी बघत नव्हता. तो तिच्याकडेच बघत होता, जरा घाबरून.

"फार चिडला?"

"फार."

"चिडू दे."

ती त्याच्या शेजारी टेकली. जुळवून ठेवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि तिने ते तिथेच राहू दिलं. पेला त्याच्या चांगल्या हाताकडे सरकवला.

"घे तू," ती म्हणाली. "गार होतोय."

इतक्या दिवसांत ती त्याला कधी तू म्हणाली नव्हती. कमलाकांतने पेला घेतला, आणि तिला नीट बसता यावं म्हणून थोडा सरकला.