हळू बोला, मी माइक आहे

मी माइक बोलतोय. हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर सभेतला तो लांब दांड्याचा, जाळीच्या डोक्याचा आला असेल. तो मी नव्हे. त्याच्यापुढं माणसं 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' करतात, दोन टिचक्या मारतात आणि मग तासभर स्वतःच्या आरत्या ओवाळतात. मी शर्टाच्या गुंडीएवढा आहे. माझ्यापुढं कुणी भाषण करत नाही, म्हणूनच मला माणसं जास्त कळलीत.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात, हजारो भावंडांबरोबर झाला. पत्र्याची इवलीशी डबी, आत कांद्याच्या सालीहून पातळ पडदा, आणि तिथं कायमची साठवून ठेवलेली वीज. आवाज आला की पडदा हलतो आणि ती हालचाल तारेवरून पुढं जाते. ऐकायचं आणि जसंच्या तसं पुढं द्यायचं, एवढंच माझं काम. माणसांना दोन-दोन कान आहेत, तरी त्यांना ते जमत नाही.

पहिली अकरा वर्षं मी भवानी पेठेतल्या एका टॉवेलच्या दुकानात टेलिफोनच्या पोटात काढली. शेठजी रोज सांगायचे, "माल कवाच निघाला की. पोचंलच गाडी आता." माल त्यांच्याच पायाशी गाठोड्यात बांधलेला असायचा. पलीकडचाही काही साधा नव्हता. त्याला ते ठाऊक असायचं आणि तो "बरं बरं" म्हणायचा. दोघे एकमेकांना फसवत नव्हते, फक्त माझा वेळ खात होते. पुढं घरोघरी मोबाइल आले, शेठजी तीच थाप खिशातल्या फोनवर मारू लागले आणि मी भंगारात गेलो.

तिथून मला राजश्रीनं उचललं. राजश्री म्हणजे धोंडिरामांची मुलगी. तिनं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं, लग्न करून कुर्डुवाडीला दिलेली. 'चार दिवस' म्हणून माहेरी आली होती, त्याला दोन महिने झाले होते. घर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ, यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या गल्लीत. भिंतीला भिंत लागलेली. एका घरात फोडणी पडली की शेजारच्या घरात ठसका लागायचा.

बिस्किटाच्या डब्यात तिनं आम्हा सोळा जणांना जमवलं होतं, जुने फोन आणि टेपरेकॉर्डर फोडून. मला वाटलं, आली आणखी एक हौशी बया! व्हिडिओ बघून कारागीर झालेल्यांचा मला तिटकारा आहे. आणि तिनं निराशा केली नाही. पहिल्या दोघांवर सोल्डरिंग आयर्न इतका वेळ टेकवला की आतला पडदाच भाजून निघाला. तिसऱ्याला उलटी तार जोडली आणि 'खराबच निघाला' म्हणून फेकून दिला. चूक स्वतःची आणि खराब मात्र दुसरा! चौथा मी. मला तिनं तारा बरोबर जोडल्या. तोवर हात बसला असावा.

हा खटाटोप कशासाठी, ते मला दोन दिवसांत कळलं. धोंडिरामांनी, म्हणजे आप्पांनी, चाळीस वर्षं मागावर काढली होती. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान नेले होते आणि बदल्यात गळा देऊन ठेवला होता. त्यांना ऐकू यायचं नाही, पण ते बोलले की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं. सकाळी दात घासता घासता ते अंगणातून विचारायचे, "राजे, जावई कवा येनार न्यायला?" रोज. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण समोरच्या कस्तुराबाई तेवढ्यासाठी दारातच तांदूळ निवडत बसायच्या. दोन महिन्यांत त्यांच्या तांदळात एक खडा शिल्लक राहिला नसेल.

राजश्रीला परत जायचं नव्हतं. तिचा नवरा तिच्यावर हात उचलायचा. हे तिच्या आईला, मीनाबाईंना, ठाऊक होतं. आप्पांना नव्हतं. आणि आप्पांनी 'राहा' म्हटल्याशिवाय ती या घरात कायमची राहणार कशी?

"सांगून टाक की एकदा," मीनाबाई म्हणाल्या.

"कसं सांगू, आई? आप्पांना सांगायचं म्हंजे कस्तुराबाईला सांगायचं."

खरंच होतं ते. बहिऱ्या माणसाला खासगी काही सांगता येत नाही. सांगायचं तर ओरडून, म्हणजे अख्ख्या गल्लीला. चहा, जेवण, मागावर सूत तुटलं, एवढं हातवाऱ्यांनी भागायचं. लिहून द्यावं, तर आप्पा रात्रशाळेत वाचायला शिकलेले. कागद हातात आला की एकेक अक्षर मोठ्यानं लावत वाचायचे. दुकानातलं कानाचं मशीन एकदा आणलं होतं, ते 'कानात किडा वरडतो' म्हणून कपाटात गेलं. तेव्हा या घरात आप्पांशी गेली कित्येक वर्षं कुणी फक्त त्यांच्यासाठी असं एक वाक्य बोललं नव्हतं. ओरडून सांगण्याजोगं तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचायचं. यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं, याचीच मला चीड येते.

राजश्रीनं मला आवाज मोठा करणाऱ्या एका छोट्या सर्किटला जोडलं, खाली बॅटरी लावली, आप्पांच्या कानांवर जुना हेडफोन चढवला आणि मला त्यांच्या खिशात ठेवलं. मग मायलेकी दोघी एकदम ओरडल्या, "ऐकू येतंय का?"

अहो, मी आहे कशाला मग? माझा पडदा टरकायचाच बाकी राहिला. आप्पांच्या कानात नुसता पत्रा फाटला. त्यांनी हेडफोन उपटून फेकला.

"माइक भंगार हाय," राजश्री म्हणाली.

मी भंगार! तिनं ब्लेडनं माझ्या पाठीवरची केसाएवढी तांब्याची रेघ कापली, तिथं तिसरी तार जोडली, म्हणजे मोठा आवाज मला सोसेल. शस्त्रक्रिया चांगली झाली, हे मी कबूल करतो. त्यानंतर मी फाटलो नाही. पण रोग माझ्या पाठीत नव्हता, यांच्या गळ्यात होता. मागवाल्याच्या घरात जन्मलेल्या कुणाला हळू बोलताच येत नाही.

दुसऱ्या खेपेला मायलेकी गप्प बसल्या आणि आप्पाच बोलले. "राजे, बटन दाबलंस का?" एवढं म्हणाले आणि दचकून मागं वळून बघू लागले.

"कोन वरडतंय गं?"

राजश्रीनं त्यांच्याकडं बोट केलं.

"मी?" आप्पांनी पुन्हा विचारलं आणि पुन्हा दचकले. मग जरा हळू म्हणाले, "मी असा बोलतो?" मग आणखी हळू, "रोज असाच बोलतो?" चौथ्या वेळेला आवाज इतका खाली आला की मलाच कान टवकारावे लागले. मीनाबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याला हळू बोलताना त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

मी हसणार होतो. हसू आलं नाही.

मग राजश्रीला शहाणपण सुचलं. तिनं मला लांब तार लावली, आपल्या हातात घेतलं आणि ओठांजवळ धरलं. तिला कुजबुजणं जमेना. दोनदा 'आप्पा' एवढंच निघालं, तेही मोठ्यानं. तिसऱ्यांदा ती बोलली.

"आप्पा, त्यो मारतो मला. मी आता न्हाई जानार."

मी ते वाक्य जसंच्या तसं पुढं दिलं. त्यात माझं काही मिसळलं नाही.

आप्पांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. मग अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "कवापासनं?"

"लगीन झाल्यापासनं. तीन वर्सं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

राजश्रीनं मला इतकं घट्ट धरलं की तिच्या बोटांतली धडधड मला ऐकू आली. "कसं सांगू? तुमाला सांगितलं की गल्लीला कळतंय."

आप्पांनी मान खाली घातली. त्यांच्या पोरीनं तीन वर्षं मार खाल्ला आणि त्यांच्याच गळ्याला भिऊन गप्प बसली, हे त्यांना त्या क्षणी कळलं. माझ्या आयुष्यात मी अकरा वर्षं खोटं आणि काही दिवस आरडाओरडा ऐकला, पण त्या माणसाच्या गप्प बसण्याइतकं जड मला काही ऐकू आलेलं नाही. मला त्यांची फार दया आली. पुन्हा कधी मी हे कबूल करणार नाही.

मग त्यांनी हेडफोन काढला, नीट गुंडाळून ठेवला आणि दाराशी गेले. आता आपला आवाज केवढा आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी छातीभर श्वास घेतला आणि चाळीस मागांवरून जाईल असा आवाज लावला.

"ऐका रे समदे! माजी राजी परत जानार न्हाई! तिचा नवरा तिला मारतोय! ही हितंच ऱ्हानार, तिच्या बापाच्या घरात! कुनाला काय इचारायचं आसंल तर मला इचारा!"

कस्तुराबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. राजश्री दारामागं उभी राहून रडत होती आणि हसतही होती. जे झाकायला माझी पाठ कापली, ते म्हाताऱ्यानं एका दमात उघडं केलं. आणि तेच बरोबर होतं. लाज कुणाची होती, ते एकदाचं गल्लीला कळलं.

या गोष्टीला पाच महिने झाले. मी आता तंबाखूच्या रिकाम्या डबीत राहतो. झाकणाला माझ्यापुरतं भोक आहे. आप्पा दुपारी मला घेऊन ओट्यावर बसतात. कुर्डुवाडीहून एकदा जावई आला होता. त्याच्याशी बोलायला आप्पांना माझी गरज लागली नाही.

तुमच्या घरात असा कुणी असेल तर कृपा करून ओरडू नका. जवळ जा, हळू बोला. फुकट आहे, म्हणूनच तुम्ही ते करत नाही.

काल दुपारी कस्तुराबाई आल्या. सूप नव्हतं, तांदूळ नव्हते. इकडंतिकडं बघून त्यांनी मला उचललं, ओठांजवळ धरलं आणि म्हणाल्या, "धोंडिरामभाऊ, एक सांगायचं हुतं. तुमालाच."

मग त्या बराच वेळ बोलल्या. आप्पा ऐकत होते, मधूनच मान हलवत होते. काय बोलल्या ते मला ठाऊक आहे. पण तुम्हाला सांगणार नाही.